काचऱ्या खरपूस हव्यात? मग झाकण विसरा

सकाळी पोटभरीचं काही हवं असेल तर बिडाच्या तव्यावर बटाट्याच्या काचऱ्या करा. आमच्या सांगलीत थंडीत भाकरीबरोबर याच. दोघांना चार मध्यम बटाटे पुरतात. सालासकट पातळ चिरा आणि पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. तो स्टार्च राहिला की फोडी तव्याला धरतात. मग पंच्याने अगदी कोरड्या करा. ओल्या फोडी परतल्या जात नाहीत, वाफवल्या जातात.

तीन चमचे तेल चांगलं तापवून मोहरी, हिंग, हळद घाला (सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण म्हणून मूठभर नको!). फोडी पसरा आणि झाकण न ठेवता चार मिनिटं हात लावू नका. सगळ्यात अवघड काम हेच. कडा तांबूस दिसल्या, चर्र आवाज कोरडा झाला, की उलथन्याने खालून खरवडून उलटा. कांदा नंतर, आधी घातला तर करपतो. मीठ आणि कांदालसूण मसाला अगदी शेवटी, कारण मिठाने पाणी सुटतं.

फ्रिजमधले बटाटे मात्र नकोत. थंडीत त्यातली साखर वाढते आणि फोडी शिजण्याआधीच काळपट होतात. वरून दोन अंडी फोडली तर दुपारपर्यंत भूक नाही.