बाल कल्याण समितीचा आदेश पटला नाही? पालकांनो, या चुका टाळा

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळ चुकलेलं नाहीतर वीटभट्टीवर एकटं सापडलेलं पोर बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलानं कुठं राहायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढे, उभं राहतं आणि तिथून बालगृहात जातं. आई-बाप धावत पोचतात, एकच विचारतात, "साहेब, पोरगं कधी देणार?" "चौकशी झाली की बघू," हे ऐकून घरी येतात. बिघडायला सुरुवात इथेच होते.

समिती काय बोलली याला अपिलात किंमत नाही, काय लिहिलं याला आहे. आदेशाची प्रमाणित प्रत लेखी अर्ज करून मागा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १०१ प्रमाणे अपिलाला ३० दिवस मिळतात, तेही आदेशाच्या तारखेपासून. एका आईच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, सगळं प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं होतं. आदेश तेवढा नव्हता. तारीख विचारली तर म्हणाली, "संकष्टी होती त्या दिवशी." भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं, ३४ दिवस झाले होते. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट उशिराचं अपीलही घेऊ शकतं, पण आधी उशीर माफीसाठी भांडावं लागतं आणि तोवर मूल तिकडेच.

दुसरी चूक चुकीच्या दाराची. नगरसेवकाच्या ऑफिसात आणि पोलीस ठाण्यात दोन-दोन आठवडे जातात. अपील चालतं बाल न्यायालयात, म्हणजे कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात. फॉस्टर केअर (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) किंवा स्पॉन्सरशिपचा (मुलासाठी कुटुंबाला मदत देण्याचा) निर्णय असेल तरच ते जिल्हाधिकाऱ्यांकडे. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रारही त्यांच्याकडे करता येते, मात्र तिच्या निकालाची वाट बघत अपिलाची मुदत घालवू नका. पुढे हायकोर्टात जायची वेळ आलीच तर ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते गृहभेटीच्या वेळी. सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश ४ महिन्यांत व्हावा असं कायदा सांगतो, म्हणजे घर बघायला येणारा माणूस लवकरच येतो. काहीजण भीतीनं कुलूप लावून निघून जातात, काहीजण शेजारचा टीव्ही, कपाट आणून ठेवतात. असं करू नका. गरिबी लपवायची गरज नाही. ऊसतोडीला गेल्यावर मूल कोणाजवळ राहणार, त्या आजीचं किंवा मावशीचं नाव, फोन नंबर, शाळेचा दाखला, दारूची तक्रार असेल तर उपचार सुरू असल्याचे कागद हे दाखवा. अहवाल गोपनीय असतो, तरी त्याचा सारांश पालकांना सांगून पुरावा द्यायची संधी समिती देऊ शकते. ती आपणहून दिली नाही तर लेखी मागा.

"इथं सही करा" म्हटल्यावर करून टाकू नका. कागद मूल समर्पणाचा, म्हणजे मुलावरचा हक्क सोडून देण्याचा असू शकतो. तशी सही झालीच असेल तर फेरविचाराला २ महिने असतात. त्या दिवसांतला एकही वाया घालवू नका.

संतापून मुलाचा फोटो, नाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि त्यानं तुमचीच बाजू पडते.

भेटीचा वार चुकवू नका. मजुरी बुडते हे खरं, पण "पालक भेटायलाच येत नाहीत" अशी एक ओळ अहवालात आली की ती खोडून काढणं फार जड जातं. गेल्यावर रजिस्टरमध्ये सही करा, वेळ लिहा, आणि घरी येऊन वहीत तीच तारीख टिपून ठेवा.