फ्लॅट किंवा प्लॉट ठरल्यापेक्षा कमी भरला तर काय करायचं

नागपुरात बेसा, मनीषनगर, बेलतरोडी साइडला एवढे फ्लॅट होऊन राहिले, आणि पझेशनच्या वेळी टेप लावला की हॉल छोटा निघतो. मग भांडण सुरू. पण भांडायच्या आधी अ‍ॅग्रीमेंट काढा अन त्यात कार्पेट एरिया (घरात प्रत्यक्ष वापरायची जागा) किती लिहिलाय ते बघा, कारण ब्रोशरमधला सुपर बिल्टअप (जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा धरलेला) आकडा घेऊन गेलात तर काही हाती लागत नाही. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या 2016 च्या कायद्यात कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, ओपन टेरेस धरत नाहीत. आकडा चौरस मीटरमध्ये असेल तर 10.764 ने गुणा, म्हणजे चौरस फूट मिळतील.

मोजणी स्वतः केली तरी चालते पण बिल्डर ती मानणार नाही, म्हणून आर्किटेक्ट नाहीतर इंजिनिअरकडून सहीशिक्क्याचा रिपोर्ट घ्या.

आता मेन मुद्दा. महाराष्ट्राच्या नमुना करारात 3 टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतलाय. समजा 60 चौमी लिहिलं अन 57 भरलं, म्हणजे 5 टक्के कमी, तर मर्यादेबाहेर गेलं ना, मग बिल्डरने जास्तीचे पैसे 45 दिवसांत व्याजासकट परत द्यायचे, अन व्याज तुम्ही पैसे भरले त्या तारखेपासून. व्याजाचा रेट स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरवर (बँकेचा कर्जाचा मूळ दर) 2 टक्के. तुमच्या करारात हे कलम आहे का ते मात्र वाचा, काही जण शब्द फिरवतात.

पझेशनच्या कागदावर "माझी काही तक्रार नाही" असं छापलेलं असतं. ते खोडा, नाहीतर सहीच्या वर "एरिया कमी, हक्क राखून ताबा घेतोय" असं पेनाने लिहा. बिल्डरचा माणूस म्हणेल भाऊ हे फॉर्मॅलिटी आहे, म्हणू द्या. मग स्पीड पोस्टाने लेखी मागणी. नाहीच ऐकलं तर महारेराकडे (रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) ऑनलाइन तक्रार, फी 5,000 रुपये. किंवा जिल्हा ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षांची मुदत असते, ती जाऊ देऊ नका.

प्लॉटचं गणित वेगळं आहे अन जास्त किचकट. सेलडीडमध्ये 1500 चौफूट लिहिलं पण चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी) स्पष्ट असेल तर कोर्ट बहुतेक वेळा चतुःसीमेला जास्त वजन देते, आकड्याला नाही! म्हणून रजिस्ट्रीच्या आधीच भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या, एनआयटीचा (नागपूर सुधार प्रन्यास) मंजूर नकाशा अन त्यांनी प्लॉटला दिलेल्या आरएल लेटरवरचा एरिया सेलडीडशी जुळतो का ते बघा. लेआउटवाल्याने रस्ते, नाल्या, लाइट करून देतो म्हणून प्लॉट विकला असेल तर ती सर्व्हिस धरतात, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये तसं म्हटलंय, म्हणजे ग्राहक आयोगात जाता येतं. पण एखाद्या साध्या माणसाकडून रिसेलचा प्लॉट घेतला तर रेरा नाही, ग्राहक आयोग पण नाही, सरळ दिवाणी कोर्ट, अन तिथे वकील केलेला बरा.

आणि हो, ब्रोकरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, बुकिंगची पावती, जाहिरातीचा कागद, काहीच फेकू नका. जाहिरातीत खोटं सांगून पैसे घेतले असतील तर त्याच्यासाठी रेरात वेगळं कलम 12 आहे.