गावचं जुनं लोकल बोर्ड: इतिहास शोधायचा कसा

जिल्हा परिषद १ मे १९६२ ला आली हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याआधी गावची शाळा, विहीर, धर्मशाळा, दवाखाना कोण चालवायचं विचारलं तर नीट सांगणारे आता फार कमी उरलेत. पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात, खानदेशात ते काम लोकल बोर्डाचं होतं, म्हणून कागद विरून जायच्या आत आपापल्या तालुक्याचं शोधायला घ्याच.

पहिलं काम म्हणजे गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं ते बघा, कारण यावरच सगळं अवलंबून आहे. मुंबई इलाख्यात (म्हणजे इंग्रजांच्या मुंबई प्रांतात) असेल तर १८८४ चा लोकल बोर्ड कायदा लागू, त्यात जिल्ह्याला एक बोर्ड आणि खाली तालुका बोर्डं. तालुका बोर्डं १९३८ ला बंद झाली, जिल्ह्याचं राहिलं. विदर्भात १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा (तिकडची स्थानिक कारभाराची मंडळं) आल्या त्यामुळे त्यानंतरचं तिकडे लोकल बोर्डाच्या नावाने शोधत बसू नका, मराठवाडा निजामाकडे होता आणि तिथले त्या काळचे बरेच कागद उर्दूत आहेत, वाचणारा माणूस आधी गाठा. कोल्हापूर, औंध, सांगली अशा संस्थानातलं गाव असेल तर विलीनीकरणाच्या आधीचं दप्तर संस्थानाचंच.

मग जिल्ह्याचं जुनं नाव. इथे खूप जण अडकतात. धुळ्याचं पश्चिम खानदेश खाली मिळेल, जळगावचं पूर्व खानदेश खाली, आणि १९०६ च्या आधीचं नुसतं खानदेश. रायगडचं कुलाबा म्हणून, सिंधुदुर्गचं रत्नागिरीत, सांगलीचं आधी सातारा आणि १९४९ नंतर दक्षिण सातारा.

कागदांमध्ये गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आधी वाचा, स्थानिक स्वराज्यावर वेगळं प्रकरण असतं. नंतर इलाख्यातल्या लोकल बोर्डांचे छापील वार्षिक अहवाल, ते मुंबई पुणे इथल्या पुराभिलेखागारात विचारा. त्यात जमाखर्च आधी बघा, भाषणं नंतर. बोर्डाच्या उत्पन्नाचा मोठा भाग लोकल फंड म्हणजे शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा, ही पट्टी बोर्डाच्या आधीपासूनची, सुरुवातीला त्यातला एक तृतीयांश शाळांना आणि बाकी मुख्यतः रस्त्यांना जायचा. पैसा शेतकऱ्याचा आणि सुरुवातीला अध्यक्ष कलेक्टर, हे लक्षात ठेवून वाचलं की कुठल्या गावाला रस्ता मिळाला आणि कुठल्या नाही हे जास्त कळतं.

जिल्हा परिषदेच्या रेकॉर्ड रूममध्ये बोर्डाच्या सभांची जुनी इतिवृत्तं असू शकतात. तोंडी विचारून झालं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, आणि अर्जात "सगळी माहिती द्या" असं लिहू नका, कुठलं दप्तर कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत बघायचंय ते लिहा आणि प्रत्यक्ष पाहणी मागा.

पण मला विचाराल तर खरा खजिना गावातच आहे. शाळेचं जनरल रजिस्टर, जुनं शेरेबुक (तपासणीला आलेल्यांचे शेरे लिहायची वही), धर्मशाळेची कोनशिला, जुने फेरफार (काही ठिकाणी कब्जेदार म्हणून लोकल बोर्डच लागलेलं दिसतं). जनरल रजिस्टरमध्ये मुलींची पहिली नावं कुठल्या साली येतात, दलित मुलं कधीपासून दिसतात, हे काढाच. विहिरीचंही तसंच. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात तिथले सभासद सी. के. बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पैशातल्या विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या, तर त्यानंतर तुमच्या बोर्डाने काय केलं, ठराव नुसता दाखल करून घेतला की विहिरीवर खरंच पाणी भरू दिलं, हे इतिवृत्तात शोधा आणि त्याच वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना जाऊन विचारा, कारण दोन्हीकडची उत्तरं एकच येतील असं नाही. वेगळी आली तर दोन्ही लिहा, कुणाचं गाळू नका.

फोटो काढताना पानाबरोबर रजिस्टरचं कव्हर पण घ्या आणि फाईलच्या नावात गाव, साल, पान नंबर टाका, नाहीतर नंतर कुठलं पान कुठलं काही कळत नाही.