डबल इंटिग्रलचा सराव कसा करावा: आधी आकृती, मग आकडेमोड

डबल इंटिग्रलमध्ये (एक्स आणि वाय अशा दोन चलांच्या इंटिग्रेशनमध्ये) मुलं अडकतात ती बहुतेक वेळा लिमिट लावताना, म्हणजे कोणतं चल कुठून कुठपर्यंत जातं हे ठरवताना. इंटिग्रेशन त्यांना येत असतं. म्हणून सरावाचे पहिले चार-पाच दिवस उत्तर काढूच नका. गणित वाचा, आकृती काढा, दोन्ही क्रमांनी (आधी एक्स मग वाय, आणि उलट) लिमिट लिहा आणि पुढचं गणित घ्या.

हे एक करून बघा. एक्स ० ते १, वाय एक्सपासून १ पर्यंत, आणि आत 'ई'चा घात वाय-वर्ग. आधी वायचं इंटिग्रेशन करायला गेलात तर हात टेकाल, नेहमीच्या फलांत ते बसतच नाही. आता आकृती काढा: (०,०), (०,१), (१,१) असा त्रिकोण. उभ्या पट्टीऐवजी पेन्सिलीने आडवी पट्टी ओढा. ती वाय-अक्षापासून निघते आणि एक्स = वाय या रेषेवर थांबते. म्हणजे एक्स ० ते वाय, वाय ० ते १. आतलं इंटिग्रेशन झालं की 'ई'च्या शेजारी एक वाय येतो, आणि तोच आपल्याला हवा होता. वाय-वर्ग = टी घ्या; उत्तर (ई − १)/२, साधारण ०.८६.

लगेच ताडून पाहा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ०.५, फलाची किंमत १ ते २.७२. उत्तर ०.५ ते १.३६ मध्येच हवं. ही सवय परीक्षेत फार उपयोगी पडते.

पोलरमध्ये, म्हणजे एक्स-वायऐवजी केंद्रापासूनचं अंतर 'आर' आणि कोन वापरताना, फलाला 'आर'ने गुणायचं राहून जातं. खात्रीसाठी फल १ घेऊन वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, पण त्रिज्या ३ घ्या. त्रिज्या २ घेतलीत तर 'आर' विसरूनही ४π च येतं आणि चूक लपते!

ताडून पाहायची हीच सवय मॅक्सिमा-मिनिमातही, म्हणजे सर्वांत मोठी किंवा लहान किंमत काढतानाही, लावा. झाकण नसलेली पेटी, घनफळ ३२, पत्रा कमीत कमी लागायला हवा. लाग्रांजच्या पद्धतीने (घनफळाची अट लॅम्डा या गुणकाने जोडून) तीन समीकरणं मांडा आणि लांबीच्या समीकरणाला लांबीने, रुंदीच्या रुंदीने, उंचीच्या उंचीने गुणा. तिन्हींची लॅम्डाची बाजू सारखीच होते. त्यातून लांबी = रुंदी = उंचीची दुप्पट, म्हणजे ४, ४, २. पत्रा ४८. शेजारची मापं घालून पाहा: ८, ४, १ ला ५६ लागतो. आणि ४८ ची फोड करा: तळ १६, समोरासमोरच्या भिंतींची एक जोडी १६, दुसरी जोडीही १६.