उजनीच्या काठावर गळ टाकायला जाण्याआधी

रॉड कुठला घ्यायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी फोन उचला आणि रिसॉर्टवाल्यांना विचारा, "पाणी आत्ता खोल्यांपासून किती लांब आहे?" भिगवणपासून इंदापूरपर्यंत उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाने आता राहायच्या बऱ्याच जागा झाल्या आहेत आणि जाहिरातीत हिरवळीला टेकलेलं पाणी हमखास दिसतं. तो फोटो धरण भरलेलं असतानाचा असतो. मे महिन्यात तीच हिरवळ उतरून भेगाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं, तेव्हा कुठे पाणी लागतं. भीमेचं खोरं इथे सपाट आहे, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ लांबच लांब सरकतो. फोनवर काउंटरवरचा मुलगा "एकदम जवळ आहे सर" म्हणेल. शक्य असेल तर बागेत काम करणाऱ्या मामांना फोन द्यायला सांगा, ते खरं सांगतात.

पेपरातले टक्के वाचायची एक रीत आहे, ती माहीत हवी. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं त्रेसष्टच्या आसपास मृतसाठा, म्हणजे दरवाज्यांच्या खालचं पाणी. बातमीत येणारे टक्के फक्त वरच्या, वापरायच्या पाण्याचे असतात. म्हणून उजनी "उणे" जाते; २०२४च्या उन्हाळ्यात तर उणे पन्नासच्याही खाली गेली होती. उणे म्हणजे कोरडं ठाक नव्हे. मासा असतो, उलट कमी पाण्यात गोळा झालेला असतो. अडचण त्याच्यापर्यंत पोचायची असते. बुकिंगच्या आठवड्यात पातळी बघा आणि अधिक साठ टक्क्यांच्या वर असेल तर बिनधास्त जा.

महिन्यांचं म्हणाल तर माझी पसंती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, नाहीतर होळीच्या आगेमागे. जानेवारीत रोहित पक्षी बघायला कुंभारगाव आणि डिकसळला इतकी गर्दी होते की खोल्या महाग आणि बोटी सगळ्या कॅमेरेवाल्यांनी धरलेल्या. शिवाय थंडीत पहाटे मासा सुस्त असतो, ऊन चढेपर्यंत दोराला बांधलेला फ्लोट, म्हणजे तरंगणारी खूण, हलत नाही. पावसाळ्यात जाऊच नका. कटला, रोहू, मृगळ यांची वीण पावसातच होते, पाणी गढूळ असतं, आणि धरण भरत आलं की खाली नदीत कधी पाणी सोडतील याचा नेम नसतो.

दुसरा प्रश्न हक्काचा. धरणाचं पाणी सरकारचं असलं तरी त्यातला मासा कुणीही उठून धरावा असं नसतं. मासेमारी ठेक्याने किंवा परवान्याने कुणाकडे तरी असते, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे. एका गळाने दोन-चार चिलापी (तिलापिया मासे) काढणाऱ्याला सहसा कुणी हटकत नाही, पण "सहसा" या शब्दावर बायकापोरांना घेऊन जाऊ नये. रिसॉर्टला स्पष्ट विचारा की काठावरून गळ टाकायला परवानगी कुणाची लागते, ती तुम्ही काढून देता का आणि पैसे किती. धरणाची भिंत आणि तिच्या खालचा भाग तर मनातूनच काढून टाका. काठावर स्थानिक मच्छीमार भेटले तर आधी रामराम घाला आणि जाळी कुठे लावली आहेत ते विचारा. थर्माकोलचे पांढरे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की खाली जाळं आहे असं समजायचं. तुमचा गळ त्यात अडकला तर जाळं फाटतं आणि ते त्या माणसाच्या पोटावर येतं.

जाहिरातीत नुसतं "फिशिंग" लिहिलेलं असेल तर तेही खोदून विचारा. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ सिमेंटचा एक हौद, त्यात सोडलेली चिलापी आणि भिंतीला टेकवलेल्या चार बांबूच्या काठ्या एवढाच असतो. सहा वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं, त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही शंभर किलोमीटर गाडी हाकून तेवढ्यासाठी जाणार नसाल तर आधीच कळलेलं बरं.

आता बोट. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी असं पाणी ओलांडणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. उजनीचा पसारा मोठा आहे, आडोसा नाही, आणि वळवाचं वारं आलं की दहा मिनिटांत समुद्रासारख्या लाटा उठतात. म्हणून लाइफ जॅकेट "आहेत" एवढ्यावर थांबू नका. अंगात घालून, पट्टे ओढून बघा, मुलांच्या मापाची वेगळी मागा, नसतील तर घरून न्या. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर बोटीत बसायचंच नाही. बोटवाला म्हणाला "आता नको" तर घासाघीस करू नये.

सामानाच्या दुकानात गेलात की पाकीट हलकं व्हायला वेळ लागत नाही. सुरुवातीला सात-आठ फुटांचा मध्यम ताकदीचा एक रॉड, त्यावर स्पिनिंग रीळ आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोर, एवढं पुरे. चिलापीसाठी पाव मिलिमीटर जाडीचा तंगूस चालतो, रोहू-कटल्याची आशा असेल तर पस्तीस शतांश घ्या. गळाचे आकडे उलटे चालतात, आकडा मोठा तितका गळ लहान: चिलापीला आठ-दहा नंबर, मोठ्या माशाला दोन-चार. दोन्ही मापांचे डझनभर घ्या, कारण तळाशी बुडालेल्या बाभळी आहेत आणि त्या गळ परत देत नाहीत. शिशाची वजनं, दोन फ्लोट, लांब चोचीची पक्कड, छोटी कात्री, आणि मासा वर घ्यायला हातजाळी. महागडी प्लॅस्टिकची खोटी मासोळी विकत घेऊ नका. ती मरळीसारख्या शिकारी माशाला लागते, आणि तिला फसवणं पहिल्याच सुट्टीतलं काम नव्हे.

गाठ मात्र घरी बसून शिकून घ्या. तंगूसाचं टोक गळाच्या डोळ्यातून ओवायचं, मुख्य दोराभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक परत डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढायचं, मग झालेल्या मोठ्या फासातून. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडा तंगूस ओढला की घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मग दोन किलोचा मासा लागला की गाठच तुटते आणि दोष रॉडला दिला जातो. रात्री टीव्हीसमोर बसून वीसेक वेळा बांधलीत की अंधारातही बांधता येईल. पहाटे पाचला मोबाइलच्या उजेडात शिकण्यासारखी ही गोष्ट नाही.

आमिषाचं सामान स्वयंपाकघरातच निघतं. कणीक आणि भाजलेलं बेसन निम्मं निम्मं घ्या, त्यात शेंगदाण्याची पेंड कुटून घाला. पेंड पशुखाद्याच्या दुकानात मिळते, भिगवणच्या बाजारातही मिळावी. पाणी बेताने घालून पुरीच्या पिठापेक्षा घट्ट मळा. सैल झालं तर पाण्यात पडताच विरघळतं आणि तुम्ही रिकाम्या गळाकडे तासभर बघत बसता. हिंगाची चिमूट, बडीशेप, कुणी व्हॅनिला, ज्याचं त्याचं गुपित असतं. मला पेंडीचा वास पुरेसा वाटतो. बोराएवढी गोळी गळाचं टोक झाकेल अशी लावायची. उरलेल्या पिठाचे लिंबाएवढे गोळे करून आधी त्याच जागी पाण्यात टाकले की मासा तिथे फिरू लागतो. चिलापीला आणि शिंगाडा नावाच्या मिशीवाल्या माशाला गांडूळ जास्त आवडतं. रिसॉर्टच्या बागेत ओल्या पाचोळ्याखाली मिळेल, विचारून खणा.

कुठल्या खोलीवर आमिष ठेवायचं हे माशाच्या तोंडावरून कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी. रोहू मधल्या थरातला. म्हणजे एकच फ्लोट खालीवर सरकवून तिघांचीही चौकशी करता येते. प्रत्यक्षात लागेल ती बहुतेक चिलापीच. हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला आणि आता उजनीत त्याचंच राज्य आहे. त्यामुळे चिलापी कितीही काढली तरी हळहळ नको. मरळ, वाम यांची लहान पिल्लं आली तर मात्र हात ओले करून, गळ पक्कडीने सोडवून परत पाण्यात.

हात जपायचे दोन प्रसंग. चिलापीच्या पाठीवरचे काटे आणि शिंगाड्याच्या कल्ल्यामागचे काटे चांगलेच लागतात. ओलं फडकं घेऊनच मासा धरा. आणि गळ बोटात रुतून त्याची आकडी आत गेली तर उलटा ओढायचा नाही, तंगूस कापून तसाच दवाखान्यात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते निघण्याआधी आठवा. बाकी टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल, डासांचं मलम, प्यायचं पाणी ही नेहमीची यादी. फक्त मलम लावल्यावर हात धुवूनच आमिषाला लावा. चपला नकोत, घोट्याला बांधायचे जुने बूट हवेत.

उजनीच्या काठावरची एक गोष्ट कुठल्याही परदेशी व्हिडिओत सांगितलेली सापडणार नाही. पाणी मागे हटतं तसे शेतकरी पाणी उपसायच्या मोटारी पुढे सरकवतात, आणि मागोमाग केबली गाळातून, झुडपांतून, कधी उथळ पाण्यातून ओढलेल्या असतात. जोड टेपने बांधलेले. ओल्या बुटाने त्यावर पाय देऊ नका, आणि मुलांना "काळी वायर दिसली की थांब" एवढं बजावून ठेवा. वर बघायलाही विसरू नका. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. उभा धरून तारांखालून चालायचं नाही, आणि आभाळ गडगडलं की तो आडवा ठेवून छपराखाली यायचं. काठाचा वरून वाळलेला गाळही फसवा असतो. आधी काठी खुपसून बघा, गुडघ्यापर्यंत गेली तर जागा बदला.

मासा खाणार का, हे आधी ठरवा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून याच धरणात येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं झालेलं असेल, वर साय धरली असेल, उग्र वास येत असेल तर मी तरी पकडलेला मासा सोडून देईन आणि मुलांना त्यात पोहू देणार नाही. पाणी भरपूर आणि स्वच्छ असतं तेव्हा प्रश्न वेगळा. मग रिसॉर्टच्या भटारखान्याला आदल्या रात्रीच विचारा, आपला मासा करून देता का आणि किलोमागे किती घेता. काहीजण आनंदाने करतात, काहींना तुम्ही त्यांच्या ताटाचे पैसे बुडवताय असं वाटतं.

घरातल्या ज्यांना गळात रस नाही त्यांचंही बघायला हवं, नाहीतर दहा वाजल्यापासून "झालं का?" सुरू होतं. थंडीत पक्षी आहेत. पाणी फार उतरलं असेल तर पळसदेवचं एरवी बुडालेलं पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, तिथे अर्धा दिवस सहज जातो. म्हणजे खालावलेल्या पातळीत तुमचं नुकसान आणि त्यांचा फायदा.

निघताना तंगूसाचे तुकडे वेचून खिशात घाला, पक्ष्यांच्या पायात अडकतात. गळ मोजून डबीत ठेवा, रीळ गोड्या पाण्याने पुसून ब्रेक सैल करा. आणि मासे घरी नेणार असाल तर ते साफ करून, बर्फात दाबून, थर्माकोलच्या पेटीला चारी बाजूंनी टेप लावून मगच डिकीत. भिगवणच्या बाजारात पेटीही मिळते, बर्फही. पाणी एकदा गालिच्यात झिरपलं की दिवाळीपर्यंत गाडीत कुणी बसत नाही.