डिप्रेशन आणि केटी एकदम आल्या की पोरं हमखास करतात त्या चुका

कोल्हापुरात राजारामपुरीत मी अभ्यासिका चालवतो. भुदरगड, आजरा, चंदगडकडून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी पोरं जास्त. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी स्वतः डिप्रेशनमध्ये गेलो, इयर डाऊन झालो, आणि आता दरवर्षी चार-पाच जण त्याच खड्ड्यात त्याच पायानं उतरताना बघतो. ह्या सगळ्यांची खोड एकच, घाई. सेमिस्टरभर हुकलेलं आदल्या रात्री आयएमपी, म्हणजे महत्त्वाचे तेवढेच प्रश्न, मारून काढायची सवय लागलेली असते. आजारालाही तोच हिशेब लावतात.

मूड आला की सुरू करतो

ही माझी लाडकी चूक आहे, म्हणजे हिच्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. मागं एक पोरगा यायचा. चार केटी होत्या, म्हणजे नापास होऊन राहिलेले चार विषय. एका सोमवारी सकाळी टेबलासमोर कार्डशीट चिकटवली, चार रंगांच्या स्केचपेननं टाइमटेबल. पहाटे पाचला उठणे, रंकाळा पूर्ण फेरी, साडेसहा ते एक एम-थ्री म्हणजे गणित, रात्री अकरापर्यंत सगळं भरलेलं. जेवायला वीस मिनिटं. मी म्हटलं, "भावा, काल किती वाजता उठलास?" तर म्हणाला, "दोनला." दुपारी दोनला! बुधवारी टेबल रिकामं. पुढचे अकरा दिवस फोन उचलला नाही. मेसवाल्या मावशींनीच सांगितलं, डबा दाराबाहेर तसाच राहतोय म्हणून.

मी रूमवर गेलो. खिडकीला चादर बांधलेली, बादलीत आठवड्याचे कपडे भिजून वास मारत होते. म्हणाला, "दादा, मन लागेना. जरा मूड आला की येतो."

तो मूड येत नसतो. ह्या आजारात आधी आनंद आणि मग काम असा क्रम चालतच नाही, उलटा चालतो. आधी हात हलवायचा, बरं वाटणं मागून येतं, तेही रोज नाही. मानसोपचारातही ही एक रीतसर पद्धत आहे. काम मात्र इतकं बारकं पाहिजे की लाज वाटावी. त्याला मी म्हटलं, "ब्रश कर. अंघोळ राहू दे. शर्ट बदल आणि खाली टपरीपर्यंत चल." चहा पिऊन परत गेला, तेवढंच. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. आठव्या दिवशी अभ्यासिकेत आला आणि पुस्तक न उघडता पाऊण तास बसला. चालतंय. तालमीत खांदा निखळलेला गडी पहिल्या दिवशी पाचशे जोर मारत नाही, वस्ताद मारूच देत नाही.

रंकाळ्याला जायचंच असेल तर टॉवरपासून दहा मिनिटं चालायचं आणि मागं फिरायचं. पूर्ण फेरीच्या नादात निम्म्यावर बसलेली पोरं मी बघितलीत, आणि मग "मला हेही जमेना" म्हणून आणखी चार दिवस अंथरुणात.

पहाटे उठायचं खूळही सोडा. रोज एका ठरावीक वेळेला उठायचं, मग ती नऊ का असेना. रात्री झोप लागली नाही तरी उठायची वेळ बदलायची नाही.

बरं वाटलं म्हणून गोळी बंद करणे

ही मी स्वतः केली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, फरक पडायला दोन ते चार आठवडे, पूर्ण गुण यायला सहा ते आठ. मला पहिल्या आठवड्यात फक्त मळमळ झाली आणि वाटलं, पैसे पाण्यात. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मिसळीचा कट चवीला लागला. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी चवीला लागलं होतं. मला वाटलं, झालं, सुटलो. त्यात रूम पार्टनर म्हणाला, "सवय लागते लेका त्या गोळ्यांची, सोड आता." परीक्षा बारा दिवसांवर होती. सोडल्या.

तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. चक्कर, चिडचिड, झोप गायब. पेपरला चाळीस मिनिटं बसलो, नाव-नंबर लिहिला आणि उठून आलो. दोन महिन्यांत होतो तिथंच परत, उलट थोडा खालीच.

ह्या गोळ्यांची नशा चढत नाही, तलफ येत नाही. पण एकदम तोडल्या तर शरीर बोंब मारतं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. पंचविशीच्या आतल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.

तोवर घरी पत्ता नव्हता. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा सांगावंच लागलं. आमचं ऊसाचं घर. वडील बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "काहिल येळंआधी उतरली की गूळ हुत न्हाई, काकवी हुती." पुढच्या तपासणीला तेच बरोबर आले. सहा महिने लपवलेलं मी, आणि त्यांनी एका वाक्यात समजून घेतलेलं. सगळ्यांचं घर असं नसतं, मान्य. मग मामा, बहीण, एखादे सर, कुणीतरी एक मोठं माणूस गाठायचं. मित्रावर सगळा भार टाकू नका, तोही केटीवालाच असतो.

बाकीच्या, पटापट

नेटवरची नऊ प्रश्नांची टेस्ट करून स्वतःला डिप्रेशन जाहीर करणे किंवा माफ करणे. ती नुसती चाळणी आहे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, अभ्यास बंद, असं असेल तर दाखवायला जायचं. ब्रेकअपनंतर चार दिवस रडलं तर तो आजार नव्हे.

रक्त न तपासणे. थायरॉइड, बी-ट्वेल्व, हिमोग्लोबिन कमी-जास्त असलं तरी माणूस असाच गळून जातो. मेसच्या पातळ आमटीवर तीन वर्षं काढलेल्यांनी तर बघाच.

समुपदेशक आणि सायकियाट्रिस्ट एकच समजणे. पहिला बोलून उपचार करतो, दुसरा एमबीबीएसच्या पुढं शिकलेला डॉक्टर असतो, गोळ्या तो देतो. बऱ्याच जणांना दोन्ही लागतात. खाजगीची फी झेपत नसेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. रांगेत ओळखीचं कोण भेटेल म्हणून भिऊ नका. भेटलाच तर तोही दाखवायलाच आलेला असतो.

"दारू पिऊन झोप तरी लागते." लागते, आणि पहाटे तीनला उठवते. दुसरा दिवस आणखी काळा.

मरणाचे विचार येत असताना एकटं राहणे. इथं मी कुणाशी वाद घालत नाही. त्या रात्री रूमवर एकट्यानं थांबायचं नाही, कुणाला तरी उठवायचं, आणि १४४१६ लावायचा. टेलिमानस हेल्पलाइन आहे ती, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात. धोका अगदी समोर असेल तर ११२ किंवा सरळ दवाखाना. आणि मित्रांनो, शंका आली तर तोंडावर विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं डोक्यात विचार शिरत नाही. बहुतेक वेळा समोरच्याला हायसं वाटतं.

कॉलेजला कळेल म्हणून डॉक्टरकडे न जाणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. उलट हजेरी कमी पडली तर डॉक्टरांचं सर्टिफिकेटच कामाला येतं. वेळेवर दिलं तर. निकालानंतर नेऊन दिलं तर कोण विचारत नाही.

आणि शेवटची, सगळ्यात फालतू दिसणारी. वर्गाचा व्हॉट्सअप ग्रुप सोडणे. कटकट नको म्हणून सोडतात आणि परीक्षा फॉर्मची तारीख हुकते. आजार बरा होतो, पण फॉर्म न भरल्यानं सेमिस्टर गेलेलं परत मिळत नाही. ग्रुप म्यूट करा, सोडू नका. आता मी अभ्यासिकेच्या दाराशी एक फळा लावलाय. त्यावर फॉर्मच्या तारखा खडूनं लिहितो, साधी पांढऱ्यानं, लेट फीची लालनं. खाली लहान अक्षरात १४४१६.