शिडाच्या बोटीवर राहायचंय? आधी परतीचा वारा बघा

मांडवीत बोट नांगरून तिच्यावरच राहते, म्हणून नव्या मंडळींचे मला बरेच फोन येतात. बोट केवढ्याला पडली, स्वयंपाक कुठे करतेस, आंघोळीच्या पाण्याचं काय, असं सगळं विचारून होतं. बेत कसे आखतेस, हे मात्र कुणी विचारत नाही. "बघू, जमेल तसं" म्हणत राहिलं की झालं, असा समज असतो. पण बेत ऐनवेळी बदलता यावा, यासाठी आधीच बरीच तयारी करून ठेवावी लागते.

सुरुवात वाऱ्यापासून करा. पावसाळा सरल्यापासून मेपर्यंत गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो. मार्च-एप्रिलात तो चांगलाच जोर धरतो. म्हणजे दक्षिणेला कारवारकडे जाताना वारा पाठीशी, आणि परतताना तोच तोंडावर. शिडाची बोट थेट वाऱ्यावर चढत नाही. डावी-उजवीकडे वळणं घेत जावं लागतं. कारवार साधारण पंचेचाळीस सागरी मैलांवर आहे. पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल वेगानं जायला नऊ तास. येताना तेच अंतर वळणांमुळे साठ मैलांच्या वर जातं, वर लाटा अंगावर. त्यामुळे जाण्याचा दिवस मी सगळ्यात शेवटी ठरवते. आधी परतीला दोन-तीन दिवस राखून ठेवते, मग पहाटे कधी निघता येईल ते बघते. मतलई वाऱ्यावर किनारा धरून उत्तरेला जेवढं सरकता येईल तेवढं सरकायचं आणि खारा वारा अंगावर यायच्या आत नांगर टाकायचा.

मालवणचं गणित उलटं: जाताना कष्ट, येताना मजा. पण तिकडे वेंगुर्ल्याच्या खडकांपासून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासपर्यंत पाण्याखाली खडक पसरलेत, म्हणून उजेडीच पोचायचं. दुपारी तीनपर्यंत पोचणं दिसत नसेल, तर वाटेतच कुठे थांबायचं ते निघण्याआधी नकाशावर खूण करून ठेवा. अंधारात किनाऱ्यालगत मच्छीमारांची जाळी असतात, आणि त्यातल्या सगळ्यांवर दिवा असतोच असं नाही.

वाऱ्यानंतर नदीच्या तोंडाशी साचलेली वाळू हा आपला दुसरा मालक. शापोराच्या किंवा साळ नदीच्या तोंडातून आत शिरायचं तर भरती चढत असतानाच शिरा. तळ टेकलाच, तर वाढतं पाणी बोट उचलतं. ओहोटीत टेकला तर पुढची भरती येईपर्यंत तिरकं बसून राहा. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं, हे लक्षात ठेवलं की वेळ साधता येते. गोव्यात दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हेही पाहायला हवं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची जुनी रीत मुंबईकडच्या पाण्याला बरी बसते. आपल्याकडे भरती त्याच्या काहीशी आधी येते. म्हणून मुरगावचं छापील कोष्टक घ्या. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकणाऱ्या पाण्यापुढे "सकाळी सातला निघू" असल्या बोलण्याला काडीचा अर्थ नसतो.

वाट बदलण्यात कमीपणा वाटत असेल, तर खनिजाच्या बार्ज आठवा. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ साचलेल्या वाळूवर लाटा फुटू लागल्या की मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात. आपल्याला ती सोय नाही, कारण डोलकाठी पुलाखालून गेली पाहिजे. बोट घेण्यापूर्वी तिची पाण्यापासूनची उंची मोजून घ्या आणि वाटेतल्या पुलांखालच्या मोकळ्या उंचीशी ताडून बघा.

आता माणसांचं. पाहुण्यांना मी एकतर जागा सांगते किंवा तारीख. "शनिवारी भेटू" म्हटलं तर कुठे ते शुक्रवारी संध्याकाळी कळवते. "मालवणला भेटू" म्हटलं तर दिवस सांगत नाही. पुण्याची मंडळी रागावतात. रागावू देत. परतीचं तिकीट खिशात घेऊन आलेला पाहुणा वाऱ्यापेक्षा धोक्याचा, कारण त्याच्या गाडीच्या वेळेसाठी आपण नको त्या पाण्यात उतरायला तयार होतो. आईचा सावंतवाडीहून फोन येतो, "कधी येतलंस गो?" चतुर्थीला तिला पक्की तारीख देता येते, कारण तेव्हा पावसाळ्यामुळे बोट पाण्याबाहेर असते. एरवी नाही. घरून काम करणाऱ्यांनीही वरिष्ठांना हे आधीच सांगून टाकावं. किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइलची रेंज जाते आणि मीटिंग बुडते.

किराणा आणि डिझेल ठरल्या प्रवासाच्या दुप्पट भरा. पोहे, कांदे-बटाटे, कोकम, सुकी मासळी, आणि मुख्य म्हणजे पिण्याचं पाणी. पाणी संपत आलं म्हणून निघावं लागलं, तर तो बेत तुमचा उरत नाही. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघा. तीन दिवसांपलीकडच्या अंदाजावर मी कुणाला शब्द देत नाही.

एका बाबतीत मात्र मी अजिबात लवचिक नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये, क्यार वादळाच्या त्या दिवसांत, नाफ्था भरलेलं बिनखलाशांचं जहाज मुरगावहून वाहत येऊन दोनापावलाजवळ अडकलं होतं. मे २०२१ मध्ये तौक्ते गोव्याला घासून गेलं, तेही पावसाळ्याच्या आधीच. म्हणून बोट मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाण्याबाहेर. त्यासाठी यार्डला फेब्रुवारीतच फोन करा: भरपूर पाणी उधाणालाच मिळतं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस मोजकेच असतात, आणि प्रत्येकाला तेच हवे असतात. तुमचा दिवस वहीत लिहून घेतला ना, हे एकदा विचारून खात्री करा, आणि एप्रिलअखेर पुन्हा फोन करा.